वाचनकट्ट्यावर अकादमी-विजेतं पुस्तक कसं घ्यावं

साहित्य अकादमीचे पुरस्कार जाहीर झाले की पुढचे चार-सहा महिने गावोगावच्या वाचनकट्ट्यांवर, मंडळांत, ग्रंथालयांच्या माडीवर तीच पुस्तकं चर्चेला येतात. बहुतेक ठिकाणी चर्चेचं गाडं एकाच ठिकाणी रुततं: पुरस्कार योग्य होता का? तासाभरात कुणाकुणाला डावललं याची यादी होते, दोघं परीक्षकांबद्दल ऐकीव काहीबाही सांगतात, आणि पुस्तक टेबलावर तसंच मिटलेलं राहतं. पुरस्काराचा उपयोग पुस्तक निवडण्यापुरता करायचा. ते एकदा हातात आलं की बोलणं छापील पानावर आणायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

निवड

आधी पुरस्कार कशाला मिळतो ते नीट पाहा. अकादमीचा मुख्य पुरस्कार एका पुस्तकाला असतो. ताम्रपट आणि एक लाख रुपये असं त्याचं स्वरूप आहे. ज्ञानपीठ आणि नोबेल लेखकाच्या एकूण कामगिरीला मिळतात, त्यामुळे तिथे ‘कोणतं पुस्तक घ्यायचं’ हा प्रश्न गटालाच सोडवावा लागतो. लेखकाचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक डोळे झाकून उचलू नये. दोनशे पानांच्या आतलं आणि दुकानात सहज मिळणारं असेल ते घ्यावं.

दुसरी गोष्ट, अकादमीचं ‘ताजं’ पुस्तक तितकंसं ताजं नसतं. 2024च्या पुरस्कारासाठी 1 जानेवारी 2018 ते 31 डिसेंबर 2022 या काळात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं धरली होती. म्हणजे निकाल लागतो तेव्हा पुस्तक दोन ते सात वर्षांचं झालेलं असतं. याचे दोन परिणाम होतात. पहिली आवृत्ती बऱ्याचदा संपलेली असते. आणि परीक्षणं आधीच येऊन गेलेली असल्यामुळे गटातले दोघे-तिघे ती वाचून आयती मतं घेऊन येतात.

मराठीतल्या अलीकडच्या विजेत्यांकडे पाहिलं तर वर्षभराचा कार्यक्रम आखता येतो. 2019 अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’ (कविता), 2020 नंदा खरे यांची ‘उद्या’ (कादंबरी), 2021 किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (कथा), 2022 प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (कादंबरी), 2023 कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (कादंबरी), 2024 सुधीर रसाळ यांचं ‘विंदांचे गद्यरूप’ (समीक्षा). सहा वर्षांत कविता, कथा, कादंबरी, समीक्षा सगळं आलं. मात्र हा क्रम तसाच्या तसा घेऊ नका. नव्या गटाने समीक्षेपासून सुरुवात केली तर दुसऱ्या बैठकीला निम्मीच माणसं उरतात.

नव्या गटासाठी युवा पुरस्काराची यादी जास्त उपयोगी पडते, आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही हे नवल आहे. पस्तिशीच्या आतल्या लेखकांना मिळणारा हा 50 हजारांचा पुरस्कार 2011 पासून दिला जातो. 2024ला तो देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत गावच्या शिंप्याचा धंदा कसा बसत जातो, ही त्या कादंबरीची गोष्ट. पुस्तक छोटेखानी, विषय सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे पहिल्याच बैठकीत गप्प बसणारेही बोलतात. 2021ची प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ महाविद्यालयीन वाचक असलेल्या गटात चांगली चालते.

प्रती

चर्चा फसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पुस्तक वेळेवर हातात नसतं. निकाल लागल्याबरोबर दुकानातल्या उरल्यासुरल्या प्रती उचलल्या जातात आणि पुरस्काराचा शिक्का छापलेली नवी आवृत्ती यायला काही आठवडे जातात. म्हणून बैठकीची तारीख ठरवण्याआधी प्रकाशकाला थेट फोन करून नवी आवृत्ती कधी येतेय ते विचारा. सहा-सात प्रती एकदम घेतल्या तर बहुतेक प्रकाशक सवलत देतात. टपालखर्च कोणाकडे ते मात्र आधीच बोलून घ्या.

दहा जणांच्या गटाला सहा प्रती पुरतात. चार प्रती जोडीत वाटायच्या, पंधरा-पंधरा दिवस. उरलेल्या दोन पूर्ण महिनाभर ठेवायच्या: एक सूत्रधाराकडे, एक गटात जो सर्वांत सावकाश वाचतो त्याच्याकडे. जोडीतल्या पहिल्या वाचकाने पेन लावायचं नाही, पेन्सिल चालेल, कारण ती खोडता येते. पुढच्याला आधीच्याच्या अधोरेखनांतून वाचावं लागलं तर त्याचं वाचन स्वतःचं राहत नाही.

पीडीएफ फिरवू नका. अशा गंभीर मराठी पुस्तकाच्या प्रती मुळातच थोड्या छापल्या जातात. ज्या लेखकाचं कौतुक करायला जमलो, त्याच्याच चार प्रतींची विक्री आपण बुडवतो. पैशांची अडचण असेल तर ग्रंथालय आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे मराठी ग्रंथालय यांसारख्या संस्थांत पुस्तकाची मागणी नोंदवता येते, आणि एकाच पुस्तकाची मागणी चार सभासदांनी नोंदवली की तिचा विचार लवकर होतो.

आवृत्त्यांचं एक त्रांगडं हमखास होतं. जुन्या आणि नव्या आवृत्तीतली पानं जुळत नाहीत, आणि ई-पुस्तकात पान क्रमांक असलाच तर तो तिसराच असतो. बैठकीत ‘पान 84’ म्हटलं की पाच मिनिटं नुसती पानं चाळण्यात जातात. त्यामुळे टाचणात पान क्रमांक लिहू नका. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द लिहा.

पहिली तीस पानं

गेल्या काही वर्षांतल्या विजेत्या पुस्तकांत कोल्हापूर-पन्हाळ्याकडची बोली आहे, सिंधुदुर्गाकडची आहे. प्रमाण मराठी तासाला तीस पानं सहज वाचणारा माणूस इथे पंधरा-वीस पानांवर येतो आणि ‘पुस्तक संथ आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. खरं तर त्याचा कान अजून लागलेला नसतो. यावर उपाय एकच: पहिली तीस पानं मोठ्याने वाचायची, आणि अडलेल्या शब्दापाशी थांबायचं नाही. शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, पुढे जायचं. तिसाव्या पानापर्यंत निम्म्या शब्दांचा अर्थ संदर्भाने उलगडलेला असतो. उरलेल्यांची यादी त्या भागातल्या माणसाला विचारायची. गटात कोल्हापूरकडचं कुणी असेल तर ‘रिंगाण’साठी त्याच्याकडून दहा मिनिटांचं वाचन ध्वनिमुद्रित करून पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सॲप गटावर टाका. शब्दार्थांच्या यादीपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

प्रत महिनाभर हाताशी असेल तर वेळापत्रक असं असावं: पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस पानं, दुसऱ्यात निम्मं पुस्तक, तिसऱ्यात संपवणं, चौथ्यात फक्त खुणा केलेल्या जागा पुन्हा वाचणं. चौथा आठवडा सगळे टाळतात, आणि नेमकी तिथेच चर्चा कमावली किंवा गमावली जाते. एकदाच वाचलेल्या पुस्तकाबद्दल माणूस कथानक सांगतो. दुसऱ्यांदा पाहिलेल्या पानाबद्दल तो मत देतो. प्रती जोडीत वाटल्या असतील तर पहिल्या वाचकाने पंधराव्या दिवशी पुस्तक देण्याआधी आपल्या दोन-तीन जागांचे फोटो काढून ठेवावेत.

महिनाभर व्हॉट्सॲप गटावर परीक्षणांचे दुवे, लेखकाच्या मुलाखती, सत्काराचे फोटो टाकायला मनाई हवी. बैठकीनंतर खुशाल टाका. आधी टाकलं की बैठकीत परीक्षणातली वाक्यं ऐकू येतात, आणि ती कुणाची हे बोलणाऱ्यालाही आठवत नाही.

प्रश्न कसे काढावेत

‘पुस्तक आवडलं का?’ हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर एका शब्दात संपतं, आणि ज्याला आवडलं नाही तो उरलेला वेळ बचाव करत बसतो. ‘लेखकाला काय सांगायचंय?’ हाही बाद. याला शाळेतल्या रसग्रहणाचा वास येतो आणि लोक भाषणं करू लागतात. प्रश्न असा हवा की उत्तर द्यायला पुस्तक उघडावंच लागेल.

‘रिंगाण’चं उदाहरण घ्या. धरणात गाव गेलेल्या माणसांची ही कादंबरी, आणि तिच्या मध्यभागी मागे राहून रानटी झालेली म्हैस आहे. ‘विस्थापनाच्या प्रश्नावर तुमचं मत काय?’ असं विचारलं तर कोयनेपासून सरदार सरोवरापर्यंत सगळी धरणं बैठकीत येतात, कादंबरी सोडून. त्याऐवजी विचारा: वाचताना तुम्ही म्हशीच्या बाजूने कुठल्या परिच्छेदापासून झालात? काही जण जागा दाखवतील, काही म्हणतील की आम्ही शेवटपर्यंत माणसाच्याच बाजूने होतो. झालं, वाद लागला, आणि तो मिटवायला दोन्ही बाजूंना पानंच वाचून दाखवावी लागतात. विस्थापन त्या वादातून आपोआप येतं.

‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेते. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा असा खेळ ज्याने कधी पाहिला नाही, त्याला दोऱ्या कोण हलवतंय हा प्रश्न नुसता प्रतीकात्मक वाटतो. बैठकीआधी दहा मिनिटांची चित्रफीत सगळ्यांनी बघावी. मग प्रश्न: कथा सांगणारा कुठे बदलतो आणि तो बदलला हे तुम्हाला किती उशिरा कळलं?

‘उद्या’च्या वेळी नजीकच्या भविष्यातल्या बाजाराच्या, पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांच्या जागा काढून दोन रकाने करा: आज घडलेलं आणि अजून न घडलेलं. रकाने भरताना ठिणग्या उडतात. इथे एक सावधगिरी हवी. नंदा खरे यांनी अकादमीचा पुरस्कार नाकारला होता. काही वर्षं आपण पुरस्कार स्वीकारत नसल्याचं त्यांनी सांगितलं होतं. हा विषय सुरुवातीला निघाला तर कादंबरीची चर्चा होणार नाही, म्हणून तो शेवटच्या दहा मिनिटांतच ठेवा.

सूत्रधाराने प्रश्न तीनच काढावेत, चौथा खिशात ठेवावा. दहा प्रश्नांचं टाचण आणलं की सूत्रधार ते संपवण्याच्या मागे लागतो आणि रंगात आलेलं बोलणं स्वतःच तोडतो.

शंभर मिनिटं

आठ ते बारा माणसं. सहापेक्षा कमी असतील तर दोन गैरहजेऱ्यांत बैठक मोडते. बारापेक्षा जास्त झाले की व्याख्यान सुरू होतं. गोल बसावं. व्यासपीठ आणि माइक असेल तिथे चर्चा होत नाही, कार्यक्रम होतो.

पहिली दहा मिनिटं वाचन: दोन उतारे, दोन वेगळे आवाज. पुढची वीस मिनिटं फेरी. प्रत्येकाने दोन मिनिटांत एवढंच सांगायचं की पुस्तकात तो कुठे थांबला: अडला म्हणून, खटकलं म्हणून, किंवा पुन्हा वाचावंसं वाटलं म्हणून. फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. मग पंचेचाळीस मिनिटं तीन प्रश्नांना. त्यानंतरची पंधरा मिनिटं हरकतींना राखलेली असावीत. पुस्तकात काय जमलं नाही हे सांगायची हक्काची जागा नसेल तर विजेत्या पुस्तकाबद्दल सगळे गोडच बोलतात, आणि नाराजी घरी जाताना जिन्यात बाहेर पडते. शेवटची दहा मिनिटं पुरस्काराला आणि पुढच्या पुस्तकाला.

पुरस्कारावर बोलायचं तर नेमकं बोलावं. अकादमीत प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षकांचं मंडळ असतं आणि निर्णय एकमताने किंवा बहुमताने होतो. त्या काळात त्या भाषेत आलेलं, तुम्ही स्वतः वाचलेलं दुसरं कोणतं पुस्तक तुम्ही निवडलं असतं, एवढाच प्रश्न विचारा. ‘स्वतः वाचलेलं’ या अटीने निम्मी कुजबुज थांबते. बुकरचं वेगळं आहे: तिथे तेरा पुस्तकांची लांब यादी आणि सहांची छोटी यादी आधीच जाहीर होते, त्यामुळे दोन-तीन स्पर्धक पुस्तकं वाचून खरीखुरी तुलना करता येते.

कविता, कथा, समीक्षा

कवितासंग्रह पूर्ण चर्चेला घेऊ नये. ‘कदाचित अजूनही’मधून चार कविता निवडा, प्रत्येक दोनदा वाचायची, एकदा बाईच्या आवाजात, एकदा पुरुषाच्या, आणि दुसऱ्या वाचनानंतर मिनिटभर कुणी बोलायचं नाही. सूत्रधाराला हे मिनिट जड जातं. तो ते हमखास तोडतो. त्याला आधीच बजावून ठेवा.

कथासंग्रहात शीर्षककथा सगळ्यांना सक्तीची, आणि दुसरी कथा प्रत्येकाने स्वतः निवडलेली. निवड का केली यावरच अर्धा तास जातो.

समीक्षेला गट घाबरतात, कारण ज्या लेखनाबद्दल समीक्षक बोलतोय ते कुणी ताजं वाचलेलं नसतं. ‘विंदांचे गद्यरूप’ घ्यायचं तर दोन बैठका ठेवा. पहिलीत विंदा करंदीकरांचे ‘स्पर्शाची पालवी’ किंवा ‘आकाशाचा अर्थ’मधले दोन लघुनिबंध फक्त वाचायचे आणि आपापलं निरीक्षण कागदावर लिहायचं. दुसरीत रसाळांचं लघुनिबंधांवरचं विवेचन घ्यायचं आणि त्यांचं एकेक विधान त्या दोन निबंधांवर घासून बघायचं. कुठे पटतं, कुठे ओढूनताणून वाटतं? समीक्षा अशी वाचली की ती परीक्षेच्या गाईडसारखी वाटत नाही.

अनुवाद असेल तेव्हा

बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला 2025चा आंतरराष्ट्रीय बुकर, म्हणजे इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना दिला जाणारा बुकर, मिळाला. कन्नडमधल्या बारा कथा, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद. हा पुरस्कार मिळवणारा हा पहिलाच कथासंग्रह. 50 हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते, आणि चर्चेतही अनुवादिकेला तितकाच वाटा मिळायला हवा. भास्तींनी मूळचे कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या ठशात टाकले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. सोलापूर, सांगली, बेळगावकडच्या वाचकाला यातलं बरंच तळटीपांवाचून कळतं, न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीला कळत नाही. दोघांना एकाच बैठकीत बसवलं तर चांगली जुंपते. गटात कन्नड येणारं कुणी असेल तर एक परिच्छेद मुळातून वाचून घ्यावा. इंग्रजीला बिचकणाऱ्यांसाठी दोनच कथा ठेवा: शीर्षककथा आणि शेवटची, देवाला एकदा बाई होऊन बघ म्हणणारी. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’, जिच्या इंग्रजी अनुवादाला 2022चा हाच पुरस्कार मिळाला, ती मराठी वाचकाने सरळ हिंदीतूनच वाचावी. इंग्रजीतून वळसा घालायचं काही कारण नाही.

बिघाड

पुस्तक पुरतं न वाचताच बैठकीला येणारा माणूस प्रत्येक गटात असतो. त्याला हाकलू नये. फेरीत त्याची पाळी आली की त्याने ‘मी साठ पानांपर्यंत आलो’ असं सांगायचं आणि तिथपर्यंतच बोलायचं. शेवट फुटला अशी तक्रार मात्र त्याला करता येणार नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

निवृत्त प्राध्यापक किंवा तसा व्यासंगी वक्ता पंधरा मिनिटं घेतो आणि बाकीचे आदराने गप्प बसतात. त्याला तोडणं अवघड जातं, विशेषतः ‘सर’ म्हणायची सवय असेल तर. त्यांना सूत्रधारच करा. सूत्रधाराने मत द्यायचं नाही हा नियम त्यांना बांधून ठेवतो, आणि प्रश्न तेच उत्तम काढतात.

लेखकाला बोलवायचा मोह होतो. बोलवा, पण हरकतींची पंधरा मिनिटं संपेपर्यंत बैठक त्यांच्याशिवाय. लेखक समोर असताना हरकतीची पंधरा मिनिटं सत्काराची होतात. प्रवासखर्च आणि मानधन आमंत्रणातच लिहावं. नुसती शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. पुरस्कार मिळाल्यावर त्यांना अशी चाळीस आमंत्रणं आलेली असतात.

परदेशातले वाचक झूमवर येणार असतील तर भारतात रात्री साडेआठची वेळ सोयीची पडते: दुबईत सात, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे अकरा. हिवाळ्यात लंडन आणि न्यू जर्सी तासाने मागे सरकतात, हे आमंत्रणात दरवेळी लिहा; नोव्हेंबरच्या बैठकीला कुणीतरी तासभर उशिरा येतंच. सिडनीकरांची मात्र या वेळेला मध्यरात्र उलटलेली असते. त्यांना रविवारी भारतातल्या दुपारी दोनची वेगळी बैठक द्यावी लागते. ऑनलाइन बैठक सत्तर मिनिटांच्या वर नेऊ नका आणि फेरीचा क्रम आधीच लिहून पाठवा, म्हणजे ‘तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला’मध्ये वेळ जात नाही.

बैठक संपली की सूत्रधाराने वहीत तीन नोंदी कराव्यात: कोणत्या उताऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कोण अजिबात बोललं नाही, आणि कोणता प्रश्न फुकट गेला. पुढच्या वेळी पहिल्या उताऱ्याचं वाचन न बोललेल्या माणसाकडे द्यायचं.